जिप्सीचं जड क्लच पेडल: दोन केबल वाया गेल्यावर सापडलेलं कारण आणि पुढचे आठ महिने

माझी मारुती जिप्सी 2004 ची. 1298 सीसीचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन, पाच गिअर. गाडी चिपळूणला असते आणि आठवड्यातून दोनदा तरी बागेत जाते. बागेतून वर डांबरी रस्त्याला लागायचं तर जांभ्याचा उभा चढ आहे. आंब्याच्या पेट्या भरल्या की फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा संथ गिअर) टाकल्याशिवाय गाडी वर येत नाही. अशा चढावर मध्येच थांबून पुन्हा निघायचं, तर सगळा भरवसा क्लचवर. म्हणून या दुरुस्तीबद्दल लगेच काही लिहिलं नाही. आठ महिने वापरली, आंब्याचा हंगाम आणि पाऊस दोन्ही काढले, आणि आता लिहितोय.

सुरुवात झाली ती पेडल जड होण्यापासून. गाडी जुनी आहे, चालायचंच, असं समजून मी दुर्लक्ष केलं. मग पाय काढल्यावर पेडल सावकाश वर यायला लागलं. एकदा बाजारपेठेत ते अर्ध्यावरच राहिलं, पायाचा पंजा खाली घालून उचलावं लागलं. त्याच सुमारास रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज यायचा. जिप्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारा भाग) नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिली चुगली रिव्हर्सच करतो.

पहिल्या गॅरेजने न बघताच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट बदला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं. माझं मन घेईना. दुसरीकडे केबल बदलून घेतली. पेडल लोण्यासारखं झालं, पण अडीच महिन्यांत पुन्हा तेच. परत नवी केबल. या वेळी त्यांनी केबलचा ताण ठरवणारा नट इतका आवळला की पेडलला वर मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीचं रिकामं अंतर, उरलीच नाही. कुंभार्ली घाट चढताना जळका वास आला आणि इंजिनचे फेरे वाढले तरी गाडी ओढेना. घाटातच बाजूला घेऊन नट थोडा सैल केला तेव्हा क्लच धरायला लागला. पेडल मात्र जडच.

शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी पहिलं काम केलं ते केबलचं टोक गिअरबॉक्सवरच्या लिव्हरमधून सोडवायचं. मग तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. पेडल हाताने हलवलं तर मोकळं, म्हणजे ते ज्यावर फिरतं ते बुश ठीक. लिव्हर स्प्रिंगच्या जोरावर नीट परत येत होता. आतली तार तेवढी ओढली तर अडकत होती. दोष केबलमध्ये, एवढं पाच मिनिटांत ठरलं. जिप्सी किंवा केबलचा क्लच असलेली कुठलीही जुनी गाडी असेल, तर गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी एवढं तरी करून घ्याच.

पण नवी केबल अडीच महिन्यांत का जाते? जुनी केबल मी टाकून दिली नव्हती. मिस्त्रींनी ती कापली. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर एका जागी वितळून तारेला चिकटलं होतं आणि तार तिथे निळसर काळी पडली होती. सायलेन्सरची धग म्हणावी तर बाहेरचं आवरण अगदी कोरं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दादा, गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा आणि तीन-चार वेळा स्टार्टर मारा." मारला. "आता केबलच्या टोकाला हात लावा." तार चटका बसण्याइतकी गरम होती.

खरं कारण होतं 22 जुलै 2021 चा पूर. वाशिष्ठीचं पाणी बोनेटच्या वर गेलं होतं. त्यानंतर वायरिंग नव्याने केलं, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह फक्त बॉडीला आवळली गेली. बॉडीपासून इंजिनला जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टी जुनीच राहिली. ती खाली वाकून बघितली तर हिरवी पडून भुगा होत आली होती. स्टार्टर फिरताना शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो, आणि तो इंजिनमधून बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. पट्टी निकामी, आणि क्लचची तार एका टोकाला गिअरबॉक्सला, दुसऱ्या टोकाला बॉडीवरच्या पेडलला जोडलेली, म्हणून तो त्या तारेतून जात होता. स्टार्टर संथ फिरतो म्हणून मी बॅटरीला दोष देत होतो, त्याचंही मूळ हेच.

खात्री करायला मिस्त्रींनी मल्टिमीटरची एक सुई इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. स्टार्टर मारताना दोन व्होल्टच्या वर आकडा आला. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. मग जंपर केबलने निगेटिव्ह थेट ब्लॉकला जोडली, तर स्टार्टर टणकन फिरला आणि क्लचची तार थंड.

नवी पट्टी, शिवाय बॅटरीपासून इंजिनला एक जाड वायर, बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा, वर ग्रीस. आणि तिसरी केबल. मजुरीसकट अठराशे रुपये. क्लच सेटचा अंदाज याच्या कितीतरी पट होता.

आता आठ महिन्यांचा हिशोब. केबल तीच आहे. पहिल्या महिन्यात ती थोडी बसली, मोकळी चाल वाढली आणि रिव्हर्स पुन्हा कुरकुरला. नट दोन फेरे आवळून पेडलवर इंचभर चाल ठेवली, त्यानंतर हात लावलेला नाही. हंगामात भरल्या गाडीने त्या चढावर कितीदा थांबून निघालो, वास नाही, घसरणं नाही. पेडल आजच्या गाड्यांइतकं हलकं झालेलं नाही, चिपळूणच्या गर्दीत अर्धा तास अडकलो तर डावा गुडघा बोलतोच. पेडलच्या बुशचा चिवचिवाट पावसाळ्यात येतो, तो अजून बाकी आहे.

एक मात्र नियमाने करतो. गाडी पाण्यातून काढली किंवा गुहागरला किनाऱ्यावर नेली, की दुसऱ्या दिवशी ती पट्टी बघतो. ऑगस्टमध्ये एका टोकाला पांढरी पूड दिसली, घासून पुन्हा ग्रीस लावलं. गेल्या रविवारी मीटर लावला, स्टार्टर मारताना 0.2 व्होल्ट.