प्लाझ्माच्या कडेवरील उद्रेक: चुंबकीय क्षोभ की गोठलेल्या गोळ्या?

टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठीचे वलयाकार यंत्र; त्यात चुंबकीय क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूच्या, कडेवर दाब साचून होणारे उद्रेक भिंतीवर, विशेषतः उष्णता व कचरा बाहेर काढणाऱ्या डायव्हर्टर या भागावर, क्षणार्धात प्रचंड उष्णता ओततात. गोठलेल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) गोळ्या वारंवार झाडून लहान उद्रेक मुद्दाम घडवले, तर प्रत्येकाची तीव्रता घटते. उद्रेक मात्र थांबत नाहीत, शिवाय वायूचा भार वाढतो.

याउलट, अमेरिकेतील डी-थ्री-डी या टोकामॅकवर २००४ च्या सुमारास दिसले, की विद्युतवाहक वेटोळ्यांनी निर्माण केलेले, मुख्य क्षेत्राच्या तुलनेत अत्यंत क्षीण असे त्रिमितीय क्षेत्र कडेवरील चुंबकीय रेषांशी अनुनाद साधून उद्रेक पूर्णपणे दाबू शकते. याची किंमत म्हणजे प्लाझ्माची घटणारी घनता आणि प्लाझ्मातील विद्युतप्रवाह व चुंबकीय क्षेत्र यांच्या प्रमाणाची अरुंद मर्यादा, जिच्यातच हा उपाय चालतो. तरीही माझा कल वेटोळ्यांकडेच आहे. ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या पात्रातही अशा २७ वेटोळ्यांची योजना आहे.