गर्भाची तपासणी की नवरा-बायकोची?

दुसऱ्यांदा गर्भपात झाला की राजारामपुरीतल्या दवाखान्यातून निघताना हातात तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी असते. गुणसूत्रं तपासायची, पण कुणाची?

पडलेल्या गर्भाची तपासली, तर 'हे का झालं' याचं उत्तर मिळायची शक्यता जास्त. पहिल्या तिमाहीतल्या साधारण निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांचा दोष असतो, आणि तो बहुधा योगायोगाचाच. म्हणजे जिना चढली, गाडीवरून फिरली, हे घरच्यांचे ठपके तिथंच गळून पडतात. मेख एकच: नमुना निर्जंतुक सलाईनमध्ये जायला हवा. फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकला की पेशी वाढवून करायची तपासणी संपलीच. त्यामुळं पिशवी साफ करायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

नवरा-बायको दोघांच्या रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहायची तपासणी कधीही होते, पण दोष निघतो शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत. गर्भात असंतुलित फेरफार, म्हणजे गुणसूत्राचा तुकडा कमी किंवा जास्त, दिसला तर मात्र ती हवीच. नमुना हाती असेल तर मी आधी तोच पाठवेन.

'टॉर्च' (TORCH) या संसर्गांच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. अँटीफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी मात्र चुकवू नका. ती सदोष आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करायची. या दोषावर उपचार आहे.