एम-20, मॅचलेस की मद्रासची बुलेट? पहिली जुनी ब्रिटिश गाडी घेणाऱ्या नाशिककरासाठी

जुनी ब्रिटिश मोटरसायकल घ्यायची म्हटलं की इकडून तिकडून तीनच गाड्या समोर येतात: बीएसए एम-20, मॅचलेस जी-3-एल आणि मद्रासची कास्ट आयर्न इंजिनाची रॉयल एनफिल्ड बुलेट. ट्रायम्फची किंवा बीएसएची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, कोणी दाखवली तर डोळे भरून बघा आणि परत या. तिच्या क्रँकच्या पोटात साचलेला गाळ काढायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. पहिल्याच गाडीवर हा प्रयोग नको.

बुलेटला ब्रिटिश म्हणायचं का, यावर चहाच्या टपरीवर भांडणं होतात. मी म्हणतो. आराखडा इंग्लंडातल्या रेडिचचा, 1955 पासून मद्रासला बांधणी, आणि रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला तरी 70 बाय 90 मिलिमीटरचं तेच 346 सीसी इंजिन इकडे पुढची काही दशकं निघत राहिलं.

इंजिनाआधी कागद बघा. नाशिकमध्ये एम-20 विकणारा हमखास सांगतो, ‘देवळालीच्या लष्करी लिलावातली आहे, साहेब.’ असेलही. आरटीओत त्या गोष्टीला किंमत शून्य. आरसीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी जुळले पाहिजेत. बीएसएचे हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे यायचे, त्यामुळे ते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. उलट दोन्ही नंबर सारखे आणि ठोके ताजे दिसले तर घाबरा. मूळ मालक वारला असेल तर आधी फॉर्म 31 वर गाडी वारसाच्या नावावर, मग 29 आणि 30 वर तुमच्या. परजिल्ह्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, विकणाऱ्यानेच करून द्यावी, तोवर इसाऱ्यापलीकडे पैसे देऊ नयेत.

‘कागद नाहीत, पण व्हिंटेजमध्ये करून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर 2021 चा नियम माहीत असू द्या. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि तो नंबर पंधरा वर्षं जुन्या क्रोमपेक्षा मोलाचा आहे. कागदांच्या बाबतीत बुलेट सहज जिंकते. मॅचलेस आणि एम-20 मध्ये डावं-उजवं करता येत नाही, गाडीगणिक नशीब.

आता लोखंडाकडे. एम-20 म्हणजे 496 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद जेमतेम 13 अश्वशक्ती, कॉम्प्रेशन पाचाच्या आसपास. म्हणून ती किकेला सोपी आणि पेट्रोलच्या प्रतीबद्दल कुरकुर न करणारी. व्हॉल्व्ह बाजूला बसलेले, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. ते उचलून कार्बन खरवडणं एका दुपारचं काम आहे. स्वतःच्या हाताने गाडी उघडायची हौस असेल तर यापेक्षा चांगली शाळा नाही. शिवाय युद्धात सव्वा लाखाच्या वर एम-20 बनल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग इंग्लंडात आजही नवे तयार होतात. कुरियर आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब मांडा, नाहीतर शंभर पौंडांच्या यादीचा आकडा बघून झोप उडते.

अजून एक फायदा कोणी सांगत नाही. लष्करी एम-20 मुळात रंगवलेली गाडी, तिला क्रोम जवळजवळ नव्हतंच. खरी तशी करायची तर प्लेटिंगचा मोठा खर्च वाचतो. तरी आपल्याकडे टाकीला क्रोम आणि वर सोनेरी पट्ट्या ओढून तिला वरातीची घोडी करतातच. करोत बापडे.

तिचं दुखणं दोन ठिकाणी. पुढे गर्डर फोर्क, म्हणजे स्प्रिंगवर टांगलेली जुन्या पद्धतीची सांगाडी, मागे सस्पेन्शन नाहीच. सातपूरच्या खड्ड्यांत सीटच्या स्प्रिंगा आणि तुमची कंबर यांच्यावर सगळा भार. आणि ब्रेक नावापुरते. कसारा घाट चढताना ती आपल्या चालीने शांतपणे चढेल; उतरताना खालच्या गिअरवरच भरवसा.

मॅचलेसला 1941 पासून पुढे टेलिस्कोपिक फोर्क मिळाला, म्हणजे आजच्या गाड्यांसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या. इंजिन 347 सीसी, ओव्हरहेड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये), आणि तिघींत ही सगळ्यात हलकी. चालवायला मला हीच आवडते. पण हिला हात लावायला मिस्त्री जाणता हवा.

या दोघींना एक रोग समान: मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र. आत फिरणाऱ्या आर्मेचरच्या वाइंडिंगवरचा जुना शेलॅकचा लेप उष्णतेने आणि ओलीने मऊ पडतो, आतला कंडेन्सर जातो. गाडी थंड असताना पहिल्या किकेला चालू होते, तापली की मरते. मॅग्नेटो नव्याने भरून घेण्याचा खर्च खरेदीच्या दिवशीच किमतीतून वजा करा. बुलेटला पॉइंट, कॉइल आणि बॅटरी, म्हणजे कोणत्याही गल्लीत सापडणारी वस्तू. तिला मागे चिमटा (स्विंगआर्म) आणि शॉकप आहेत, पार्ट नाशिकमध्येच मिळतात, त्र्यंबकला सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येता येतं. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला मात्र बेअरिंगऐवजी फ्लोटिंग बुश, म्हणजे सुटी फिरणारी धातूची कडी, असतो. ऑइलकडे दुर्लक्ष झालं की तो जाम होतो. आणि ‘1960 चं मॉडेल’ म्हणून दाखवलेल्या गाडीत ऐंशीच्या दशकाचं इंजिन निघणं ही रोजची गोष्ट.

तिघींनाही गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिघींनाही इंची आटे, तेही एका जातीचे नाहीत. मिलिमीटरचे पाने लावले की नटाचे कोपरे गोल झालेच, म्हणून व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यांचा संच आधी आणि गाडी नंतर. लेथ आणि बोअरिंगचं काम अंबड-सातपूरला होतं, पण पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअर करायला देऊ नका.

पोत्यांत भरलेली, सुटी केलेली गाडी स्वस्त पडते असं वाटतं. तीन-चार छोटे भाग हरवलेले असतात आणि तेच सगळ्यात महाग मिळतात. माझा कल अखंड, निदान धुगधुगी असलेल्या गाडीकडे.

रविवारी चालवायचीच असेल, तर बुलेट. संध्याकाळी गॅरेजमध्ये हात काळे करण्यातच सुख असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर एम-20. मॅचलेस चांगली मिळाली तर दोन्ही विसरा, पण तिच्यासाठी वाट बघायची तयारी ठेवा.

बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, गाडी आधी चालू करू नको. इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, मग किक मारायला सांगा. अर्धा तास फिरवा, गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. परत आल्यावर बंद करा, चहा मागवा आणि दहा मिनिटांनी तापल्या इंजिनावर स्वतः किक मारा. किंमत त्यानंतर बोला.