तंबोरा लावायला शिकवणारं गेम ॲप: वापरून बघितलं, कसं आहे सांगतो

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात गाणं शिकणारी पोरं बरीच आहेत, गळा छान तयार होतो पण तंबोरा लावायची वेळ आली की सगळी सरांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून पुतणीच्या मोबाईलवर हे ट्यूनिंगचं गेम ॲप घातलं, आता बाकीचे पालक पण विचारालेत म्हणून लिहितोय.

पहिल्या लेव्हल सोप्या. तार छेडली की स्क्रीनवर पक्षी वर-खाली होतो, सुरात आली की रेषेवर थांबतो, स्टार मिळतात. पोरं खूश, पण यात फार राम नाही, सगळं काम डोळ्यानं होतं आणि कान बंदच राहतो. खरी मजा पुढं आहे, तिथं पक्षीच गायब! जोडीच्या (मधल्या, एकाच सुराच्या) दोन तारा पाठोपाठ छेडायच्या आणि आवाज मिसळल्यावर जी वांव वांव लाट येते ती ऐकून लावायचं. दोन हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला दोन कंपनांचा) फरक असला तर सेकंदाला दोन लाटा, तार जवळ येईल तशी लाट लांबत जाते आणि जुळली की गायब. परवा पुतणीनं खुंटीला हात न लावता खालचा, सूर बारीक जुळवायचा मणी अगदी केसभर सरकवला, कान लावून बसली आणि म्हणाली, "काका, थांबली बघा!" लई भारी वाटलं.

पण गंधाराची लेव्हल मला अजिबात पटलेली नाही. ती कीबोर्डच्या हिशोबानं आहे, म्हणजे सा पासून 400 सेंट (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट), आणि तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून, जो स्वयंभू, आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो तो 386 च्या आसपास. पोरगी बरोबर गंधार लावते तर ॲप फ्लॅट म्हणून स्टार कापतं, मग तिनं कानाचं ऐकायचं की स्टारचं? कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथनं हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या पोरांनी 14 सेंट चढा गंधार घोटायचा, हे बरं नव्हे. ती लेव्हल सरळ सोडून द्या. पंचमाला काळजी नाही, तिथं फरक जेमतेम 2 सेंटचा.

सेटिंगमध्ये सा ची पट्टी निवडायला पेटीची काळी-पांढरी नाही, काळी एकला सी शार्प आणि काळी चारला जी शार्प निवडायचं. मराठी नाही, कन्नड पण नाही. शेजारी माग चालू असला की माइक गोंधळतो, वडगाववाल्यांनी सकाळी लवकर बसवावं. लाटेची लेव्हल फ्री व्हर्जनमध्येच येते, पैसे भरायच्या आधी तेवढी खेळवून बघा.