बायपॅप मशीन भाड्याने घेतलं होतं, सदाशिव पेठेतल्या दुकानातून (४ स्टार)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लिहायला पाच महिने लागले, मध्ये एकदा बसलो होतो पण दोन ओळींवर थांबलो.

मुलगी चार महिन्यांची असताना कळलं की एसएमए टाइप वन आहे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, स्नायू दुबळे होत जाणारा जनुकीय आजार. मान धरत नव्हती, पाय बेडकासारखे पसरलेले, रडणं पण एकदम बारीक. डोळे मात्र तरतरीत, खोलीत कोण आलं कोण गेलं सगळीकडे लक्ष. यात डोक्याला काही होत नाही, स्नायू जातात, आणि श्वास पण स्नायूच घेतात हे आपल्या कधी डोक्यातच येत नाही. (१६ कोटींच्या इंजेक्शनचं प्लीज कोणी सांगू नका, रिक्षावाल्यापासून सगळ्यांनी सांगून झालंय.)

डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा, पण नुसता ऑक्सिजन लावून भागणार नाही, आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवेचा दाब लागतो, म्हणून बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आणि घशातला कफ काढायला सक्शन मशीन. दोन्ही इथे मिळाली. बायपॅपचं भाडं महिना पाच हजार, डिपॉझिट दहा, मशीन स्वच्छ होतं, फिल्टर नवीन. दुकान दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंग तर विसराच.

अडलं ते मास्कवर. बाळाच्या मापाचा मास्कच नाही दुकानात! दुकानवाल्या काकांनी मुंबईहून मागवला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तोपर्यंत डॉक्टरांना विचारून मोठ्यांचा नाकाचा मास्क तिच्या नाकातोंडावर हाताने धरून बसलो रात्रभर, बायको आणि मी आळीपाळीने. जरा हात हलला की हवा लीक, की अलार्म. नंतर एकदा रात्री अडीचला असाच अलार्म थांबेना तर काकांनी पहिल्या रिंगला फोन उचलला आणि व्हिडिओ कॉलवर पट्टा कसा बसवायचा ते दाखवलं, झोपमोड झाली वगैरे काही नाही.

ती गेली त्यानंतर आठ दिवसांनी मशीन परत द्यायला गेलो. एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, दिवसपाणी पण काही नसतं, त्यामुळे करायला काही कामच नव्हतं मला. लोक फोन करून बायकोची चौकशी करायचे, तिला सांभाळ म्हणायचे. काकांनी काहीच विचारलं नाही, स्टूल सरकवलं, पाणी दिलं. मशीन चालू करून बघितलं, स्क्रीनवर वापर ६१ दिवस, ११०२ तास. मग म्हणाले, "साहेब, पुढच्या पेशंटला द्यायच्या आधी हे रेकॉर्ड पुसावं लागतं. पुसू का?"

मला बोलताच येईना. त्यांनी मशीनच्या मागचं छोटं मेमरी कार्ड काढलं, मेडिकलवाले सुट्या गोळ्या देतात तसल्या पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं, म्हणाले आम्ही नवीन टाकू. डिपॉझिट तिथेच जीपे केलं, कार्डाचे पैसे काही कापले नाहीत.

कार्ड एकदा लॅपटॉपला लावून बघितलं. आत तारखांचे फोल्डर आहेत, एकेका रात्रीचा श्वास, त्यातल्या फाइली उघडत नाहीत पण शेवटची तारीख दिसते. बायकोला अजून सांगितलेलं नाही, कपाटात एलआयसीच्या कागदांमध्ये ठेवलंय.

एक स्टार कापलाय तो मास्कचा. काका, लहान बाळांचे दोन-तीन मास्क दुकानात ठेवाच, कोणाला तरी रात्रीचे लागतील.