गून शो की हॅनकॉक?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओनं लोकांना खळखळून हसवलं. त्यातले माझ्या आवडीचे कार्यक्रम दोन, पण स्वभावानं अगदी उलटे.

‘द गून शो’ 1951 ते 1960 चालला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे विनोदी नट सोबतीला असले, तरी लेखनाचा मुख्य भार स्पाइक मिलिगनवर. (हा गडी 1918 मध्ये आपल्या अहमदनगरला जन्मला!) गोष्टीला शेंडा ना बुडखा, स्फोट, चित्रविचित्र आवाज आणि मध्येच मॅक्स गेल्ड्रेचा माउथऑर्गन. डोळ्यांना दिसणारच नाही म्हटल्यावर काहीही घडवता येतं, हे मिलिगननं पुरतं ओळखलं होतं.

1954 मध्ये लाइट प्रोग्रॅमवर (बीबीसीची करमणुकीची रेडिओ वाहिनी) आलेल्या ‘हॅनकॉक्स हाफ अवर’नं अशी मधली गाणी-वादन काढून टाकलं. गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकजोडीचा नायक टोनी हॅनकॉक घरात बसून कुरकुरतो, बस्स. 1958 च्या एका भागात तर रविवारची दुपार सरता सरत नाही, एवढंच कथानक! जांभया, सुस्कारे, लांबलेली शांतता.

गून पहिल्यांदा ऐकताना निम्मं डोक्यावरून जातं, हॅनकॉक मात्र लगेच ओळखीचा वाटतो. तरी माझं मत मिलिगनला. नगरचा म्हणून थोडा पक्षपात असेलही.