पाटणादेवीची मार्गदर्शक-फेरी : शिलालेख वाचून दाखवतात, हेच खरं मोल

चाळीसगावजवळच्या पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्या ठिकाणी, मार्गदर्शक घ्याच, पण शिलालेख समजावणारा. 'शून्याचा शोध इथे लागला' एवढंच सांगणारा नको. शून्याचे नियम गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच लिहिले होते.

शके ११२८ च्या (सुमारे इ.स. १२०७) इथल्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने दिलेलं दान आहे. मठ कशासाठी, तर भास्कराचार्यांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ 'सिद्धान्तशिरोमणी' शिकवण्यासाठी! दानाची वेळ चंद्रग्रहणाची, म्हणजे राजशासनाचा मुहूर्तही ज्योतिषाच्या गणितावर ठरलेला. लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठी ओळींवर मात्र मार्गदर्शकांची हमखास घाई होते, आणि कायदा नेमका तिथेच आहे. पेठेत माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, दर तेलघाण्यामागे पळीभर तेलही मठाला. सगळ्यात महत्त्वाचं, इथलं मोजमाप मठाच्याच मापाने करायचं. मापाई, म्हणजे मोजण्याचं शुल्क, अर्धी मठाला, अर्धी माल मोजणाऱ्या मापाऱ्याला. गणित शिकवणाऱ्या संस्थेकडे बाजाराचं प्रमाण माप सोपवलं होतं! यावर किमान पंधरा मिनिटं मागून घ्या.

लेखाचा छापील पाठ सोबत ठेवा, नाहीतर अक्षरं लागत नाहीत. गटात दहापेक्षा जास्त माणसं नकोत.